एका मोबाईलचे अ‍ॅप दुसऱ्या मोबाईलवर : एम्युलेटरचा उपयोग व मर्यादा

हवामानाचा अंदाज, बाजारभाव, बँकेचे व्यवहार, पिकाची नोंद अशी शेतीची अनेक कामे आता मोबाईलवरील अ‍ॅपद्वारे होऊ लागली आहेत. परंतु सर्व मोबाईल एका जातीचे नसतात. एकाच घरात एका भावाकडे अँड्रॉइड, नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्या दुसऱ्याकडे आयफोन आणि वडिलांकडे बटणांचा जिओफोन असणे नवलाचे नाही. एकासाठी तयार केलेले अ‍ॅप दुसऱ्यावर उघडत नाही आणि नेमक्या मुदतीच्या दिवशी काम अडते. अशा वेळी ‘एम्युलेटर घाला, सर्व काही चालेल’ असा सल्ला कोणीतरी देतो. हा सल्ला कितपत मानावा, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

अडचणीचे मूळ

अ‍ॅप म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची मालिका होय. या सूचना एकट्याने काम करीत नाहीत. पडद्यावर अक्षर उमटविणे, छायाचित्र घेणे, स्थळ ओळखणे यांसाठी त्या मोबाईलच्या कार्यप्रणालीकडे मागणी करतात. अँड्रॉइड व आयफोन या दोहोंतील प्रोसेसर आज बहुधा एकाच, म्हणजे आर्म पद्धतीचे असतात. तरीही एकाचे अ‍ॅप दुसऱ्यावर चालत नाही, कारण मागणी करण्याची रीत व ती पुरविणारी कार्यप्रणाली भिन्न असते. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये काय-ओएस ही तिसरीच प्रणाली होती. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपला त्या फोनसाठी वेगळे अ‍ॅप तयार करावे लागले व ते २०१८ च्या सप्टेंबरात उपलब्ध झाले.

एम्युलेटरचे कार्य

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेणे. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० संगणकांवर तिच्या जुन्या १४०१ संगणकाचे कार्यक्रम याच रीतीने चालविता येत. फाब्रिस बेलार या फ्रेंच तज्ज्ञाने २००३ साली प्रसिद्ध केलेली क्यूएमू ही प्रणाली एका प्रोसेसरच्या सूचनांचे दुसऱ्याच्या सूचनांत रूपांतर करते. अँड्रॉइड अ‍ॅप बनविणारे लोक संगणकावर जो एम्युलेटर वापरतात, तो तिच्यावरच आधारलेला आहे.

सूचनांचे असे रूपांतर करावे लागले की एका कामासाठी यंत्राला अनेक कामे करावी लागतात. त्यामुळे वेग घटतो आणि स्मृती व वीज अधिक खर्ची पडते. म्हणून काही ठिकाणी संपूर्ण यंत्राचे सोंग न घेता अ‍ॅपला लागणाऱ्या सेवांचा केवळ एक थर पुरविला जातो. हा मार्ग हलका असला तरी जी सेवा त्या थरात नाही, ती मागणारे अ‍ॅप अडून बसते.

कंपन्यांना आलेला अनुभव

मोठ्या कंपन्यांनीही हे प्रयोग करून पाहिले आहेत. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या ब्लॅकबेरी १० या प्रणालीत अँड्रॉइड अ‍ॅप चालविण्याची सोय होती. पण गूगलच्या नकाशा, सूचना इत्यादी सेवांवर विसंबणारी अनेक अ‍ॅप तीत नीट चालत नसत. २०१५ साली त्या कंपनीने स्वतःच अँड्रॉइडचा फोन काढला आणि जानेवारी २०२२ मध्ये जुन्या प्रणालीच्या सेवा बंद केल्या. मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनवर अँड्रॉइड अ‍ॅप आणण्याची योजना २०१५ साली जाहीर केली व २०१६ च्या प्रारंभी ती सोडून दिली. पुढे विंडोज ११ च्या संगणकांवर तिने दिलेली अशीच सोय मार्च २०२५ मध्ये बंद झाली. आयफोनवर अँड्रॉइड अ‍ॅप चालविण्याची सोय अ‍ॅपलने दिलेली नाही. २०२४ साली तिने आपल्या अ‍ॅप स्टोअरमध्ये एम्युलेटरना वाट मोकळी केली, ती प्रामुख्याने जुन्या खेळांसाठी होती.

या अनुभवावरून एक गोष्ट उघड होते. दुसऱ्याच्या सोंगावर उभी केलेली सोय दीर्घकाळ टिकेलच, असा भरवसा धरता येत नाही.

शेतीच्या कामातील धोका

ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर बैलांमागे जोडला, तर तो ओढला जाईल, पण त्याची पाती फिरणार नाहीत, कारण ती फिरविणारी शक्ती ट्रॅक्टरच्या पीटीओतून येते. एम्युलेटरचेही तसेच आहे. अ‍ॅप उघडते, पण त्याला लागणारी खरी वस्तू यंत्रात नसेल, तर काम होत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप वापरणाऱ्याच्या स्थळाजवळील विजेचा इशारा देते. अँड्रॉइडच्या अधिकृत एम्युलेटरमध्ये प्रारंभी ठरवून दिलेले स्थळ कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू हे असते. ते तसेच राहिले, तर शिवारावर ढग गरजत असतानाही पडदा शांत दिसेल. त्या शांततेवर विसंबून झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे असते व त्याबरोबर स्थळाचीही नोंद होते. ही नोंद गाव नमुना १२ मध्ये जाते. घरी बसून, एम्युलेटरमध्ये स्थळ हाताने भरून केलेली नोंद ही पाहणीच नव्हे. पीकविमा किंवा नुकसानभरपाईच्या वेळी तिच्यावर प्रश्न उपस्थित झाला, तर हानी शेतकऱ्याचीच होते. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी म्हण आहे. उभ्या पिकाचेही सोंग आणता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

बँकेच्या अ‍ॅपांपैकी बरीच अ‍ॅप एम्युलेटर ओळखतात व चालण्यास नकार देतात. हा दोष नसून ठेवीदाराचे संरक्षण आहे. दुसऱ्याने बनविलेल्या एम्युलेटरमध्ये सांकेतिक क्रमांक भरणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

काय करावे?

१) प्रथम त्या अ‍ॅपची आपल्या मोबाईलसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे काय, हे अधिकृत भांडारात पाहावे. तेच काम संकेतस्थळावर होत असेल, तर एम्युलेटरची गरजच राहत नाही.

२) माहिती वाचणे, शिकणे किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर प्रात्यक्षिक दाखविणे यांसाठी एम्युलेटर वापरण्यास हरकत नाही. तो मूळ निर्मात्याकडूनच घ्यावा.

३) स्थळ, छायाचित्र, पैसा किंवा जीविताची सुरक्षितता यांच्याशी संबंधित काम खऱ्या मोबाईलवरच करावे.

४) योजनेच्या नावाने संदेशातून आलेली एपीके फाइल उघडू नये. अशा खोट्या फाइलींतून शेतकऱ्यांची फसवणूक झालेली आहे.

५) ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. यास्तव आपला फोन चालत नसल्यास शेजाऱ्याचा मोबाईल घेऊन बांधावर जावे. तेही न जमल्यास मुदत संपण्यापूर्वी तलाठी, म्हणजेच आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांना भेटावे.

एम्युलेटर हे उपयुक्त साधन आहे यात शंका नाही. ते एका यंत्राला दुसऱ्या यंत्राची भाषा बोलावयास लावते. परंतु शेतात प्रत्यक्ष उभे राहून दिलेली साक्ष ते देऊ शकत नाही. ज्या कामात अशी साक्ष लागते, तेथे शेजाऱ्याकडून घटकाभर मागून आणलेला खरा मोबाईल अधिक भरवशाचा ठरतो.