जुना ट्रॅक्टर आणि घरची निगा

दिल्लीजवळच्या फरीदाबाद येथील आयशर कंपनीच्या कारखान्यातून १९५९ साली भारतात जुळणी केलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. जर्मन कंपनीच्या सहकार्याने तयार झालेल्या या ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे होते. अशा धाटणीच्या, एकाच सिलिंडरच्या लहान ट्रॅक्टरांची रचना साधी असते. त्यामुळे त्यांची बरीचशी निगा मालकाला घरीच राखता येते.

या इंजिनाला पाणी किंवा रेडिएटर लागत नाही. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांवरून वाहणारी पंख्याची हवा उष्णता वाहून नेते. पट्ट्यांच्या फटींत भुसा व धूळ साचली, की हवेचा मार्ग अडतो, इंजिन तापते आणि शेवटी दट्ट्या सिलिंडरात अडकून बसतो. म्हणून इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर या फटी ब्रशने साफ कराव्यात.

टाकीतील डिझेल संपले, की नळीत हवा शिरते. मग टाकी पुन्हा भरली तरी इंजिन सुरू होत नाही. कारण पंपाचा दाब हवा आक्रसण्यातच खर्च होतो. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करून हातपंप चालवावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले, की स्क्रू घट्ट करावा. नोझलची तपासणी मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावी. तेथून सुटणारी डिझेलची धार कातडी भेदून शरीरात शिरते.

जमिनीतील वाफसा कोणासाठी थांबत नाही. बिघाडाचे कारण ओळखता येणारा शेतकरी पेरणीचा मोलाचा दिवस वाचवतो.