संगणकाची विंडोज कधी बदलावी?

 

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या ग्रामसंघाच्या खोलीतला संगणक चालू केला की पडदाभर एक इंग्रजी पाटी यायची. विंडोज १० साठी मिळणारी मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, असं त्यात लिहिलेलं. वसुबारस त्यानंतर तीनच दिवसांनी. घरोघर कापूस वेचणीची गडबड, गटाकडे चकली-शेवेच्या ऑर्डरी, आणि त्यात ही पाटी. एका ताईंना वाटलं व्हायरस शिरला, त्यांनी सरळ पिनच उपटली. दुसऱ्या म्हणाल्या, आता हा डबा बंद पडणार, भंगारात देऊन टाका. आणि जिथून आम्ही प्रिंटरचं कार्ट्रिज भरून आणतो तिथला मुलगा म्हणाला, "घेऊन या, दोन तासांत नवी विंडोज मारून देतो."

आम्ही तिन्हीपैकी काहीच केलं नाही. कारण घाईची किंमत आम्ही आधी एकदा मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वी असाच संगणक फार हळू चालायला लागला होता. महिना मार्चचा, ऑडिट जवळ आलेलं. आम्ही तो उचलून एका दुकानात नेला. त्यांनी जुनी विंडोज पुसून नवी मारली. संगणक पळायला लागला खरा, पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या आमच्या फाइली गेल्या. त्यात मसाला आणि हळद पावडरीच्या उधारीचा अकरा महिन्यांचा हिशोब होता. कच्च्या वहीवरून तो पुन्हा लिहिताना दोन ताईंची भरलेली रक्कम बाकी म्हणून दिसली आणि आम्ही त्यांच्याकडे पैसे मागितले. एकीने पावती काढून दाखवली. दुसरीकडे पावती नव्हती. तिने भांडण केलं नाही, फक्त बैठकीला येणं सोडलं. तीन महिन्यांनी दुसऱ्याच रजिस्टरात तिची नोंद सापडली, तेव्हा आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चहा पाजला तिने, पण मान खाली घालून बसलो होतो आम्ही.

म्हणून या वेळी आधी समजून घेतलं, मग हात लावला.

विंडोज म्हणजे संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, घरातल्या कारभारणीसारखी. कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटवणं, फाइल कुठे ठेवली ते लक्षात ठेवणं, प्रिंटरला काम सांगणं, हे सगळं ती बघते. वर्ड, एक्सेल, इंटरनेटची खिडकी हे सगळे तिच्या जिवावर चालतात. जुनी गेली नवी आली की घराची मांडणी बदलते. ते सोसायचं कशासाठी, हा खरा प्रश्न.

नवी दिसायला छान आहे, हे कारण नाही. संगणक हळू झाला, हेही बहुधा कारण नाही. हळूपणाचं मूळ पुष्कळदा भरलेल्या डिस्कमध्ये किंवा कमी रॅममध्ये असतं, आणि नवी विंडोज तर रॅम आणखी जास्त मागते. खरं कारण एकच: कंपनीने डागडुजी थांबवली.

हे आपल्या वावराच्या कुंपणावरून सांगतो. कुंपणाला कुठे ना कुठे भगदाड पडतंच आणि त्यातून रानडुक्कर शिरतं. मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याला विंडोजमधली अशी भगदाडं शोधून बुजवते, त्यालाच आपण अपडेट म्हणतो. पण बुजवताना दवंडीही पिटली जाते, की अमक्या धुऱ्यावर भगदाड होतं. ज्याने अपडेट घेतलं त्याला काही भीती नाही. ज्याच्या विंडोजला आता अपडेटच मिळत नाही, त्याच्या कुंपणाला तेच भगदाड तसंच राहतं, आणि चोराला जागा कळलेली असते. म्हणून तारीख उलटली की संगणक बंद पडत नाही. तो कालच्यासारखाच चालतो. धोका मात्र महिन्यागणिक वाढत जातो.

विंडोज एक्सपीची डागडुजी ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, आणि १० ची ही गेल्या वर्षी. तुमच्याकडे कोणती आहे ते पाहायचं असेल तर कीबोर्डवरची खिडकीच्या चित्राची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल, त्यात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा अक्षरं टाकून एंटर मारा. कोणती विंडोज आहे ते पुढ्यात येतं.

कुणी म्हणेल, आमच्या गटाच्या संगणकात चोराला काय मिळणार? १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाची कीड जगभर पसरली. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त संगणकांतल्या फाइलींना कुलूप बसलं आणि सोडवायला ३०० डॉलरची खंडणी मागितली गेली. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. आणि आपल्या देशात केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचे संगणकही त्यात सापडले. कीड नाव-गाव विचारून येत नाही, भगदाड दिसलं की शिरते. पुढच्याच महिन्यात त्याच भगदाडाचा फायदा घेणाऱ्या दुसऱ्या किडीने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडवून ठेवलं होतं.

यातली आम्हाला टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. ते भगदाड बुजवणारं अपडेट कंपनीने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ लाच दिलेलं होतं. बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, आणि तेव्हा ती चालू, सांभाळलेली विंडोज होती. फक्त अपडेट कुणी घेतलं नव्हतं. आता आपल्याकडे काय होतं? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालतो, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, म्हणून कुणीतरी अपडेट बंद करून ठेवतं. आमच्याकडेही बंदच होतं. म्हणजे विंडोज नवी असून उपयोग काय! आता महिन्यातून एक दिवस ज्यांच्या मोबाइलमध्ये डेटा उरलेला असतो त्या ताई संगणकाला तो देतात, आणि अपडेट झालं की रजिस्टरात तारीख टाकतात.

जो संगणक नेटला कधीच जोडला जात नाही आणि ज्याला बाहेरचा पेनड्राइव्ह लागत नाही, तो जुन्या विंडोजवर खुशाल चालू द्या. मात्र 'कधीच' म्हणजे कधीच. लग्नाचे फोटो घेऊन आलेला भाच्याचा पेनड्राइव्हसुद्धा नाही.

तसंच, नवी आली त्याच दिवशी घेण्यातही शहाणपण नाही. नवं वाण आपण आधी दुसऱ्याच्या वावरात पाहतो ना, तसं. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट आलं आणि काही लोकांच्या फाइलीच पुसल्या गेल्या. कंपनीला ते थांबवून दुरुस्त करून नोव्हेंबरात पुन्हा द्यावं लागलं. महिन्याचं छोटं अपडेट लगेच घ्यावं, पण आख्खी विंडोज बदलायला काही महिने थांबलेलं बरं. विंडोज ११ तर ऑक्टोबर २०२१ पासून आहे, तिच्या सुरुवातीच्या खोडी लोकांनी काढून झाल्या आहेत.

आता आपलं यंत्र ते पेलेल का? विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ढोबळ सांगायचं तर २०१८ च्या आधीच्या संगणकांना ती बहुधा बसत नाही. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट साधन आहे, ते चालवलं की हो किंवा नाही असं सरळ उत्तर देतं. विंडोज १० खरी, परवान्याची असेल तर तिच्यावरून ११ वर जायला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. लॅपटॉपने हो म्हटलं, जुन्या डेस्कटॉपने नाही.

पण यंत्र हो म्हणालं म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. आपली रोजची सामग्री नव्या विंडोजवर चालते का, ते आधी विचारायचं. जुना प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, स्कॅनर. प्रत्येकाला ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो, आणि तो नव्या विंडोजसाठी कंपनीने काढलाय का, हे त्यांच्या मदत क्रमांकावर विचारता येतं.

मराठी अक्षरांचं तर फारच जपून. कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आमच्या एका सचिव ताई ते पाहून रडायच्याच बाकी होत्या. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट परत टाकला की अक्षरं परत येतात. म्हणून ते फॉन्ट आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि नवं लिखाण युनिकोडमध्येच करा. ते कुठल्याही संगणकावर, मोबाइलवरही वाचता येतं.

दुकानात गेलात तर दोन शब्दांतला फरक ध्यानात असू द्या. 'अपग्रेड' केलं तर फाइली जागेवर राहतात, आणि पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत जुन्यावर परतही जाता येतं. 'फॉरमॅट' मारलं तर सी ड्राइव्ह पुसला जातो, आणि डेस्कटॉप त्याच सी ड्राइव्हमध्ये असतो. आम्हाला हे त्या मार्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

दिवस कोणता धरायचा, ते कंपनीच्या नव्हे, आपल्या पंचांगावरून ठरवा. मार्च नको, पेरणीचा जून नको, बँक कर्जाची फाइल अर्धवट असताना तर नकोच. आम्ही संक्रांतीचं हळदी-कुंकू आटोपल्यावर केलं. तोवर धोका पत्करला नाही, कारण विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची सोय आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जमधून नोंद करावी लागते. ती आम्ही दिवाळीआधीच केली. अजून ज्यांना विंडोज १० वर राहायचंय त्यांनी ही नोंद करून घ्या. अपग्रेडला कित्येक जीबी डेटा लागतो आणि मधेच वीज गेली तर घात होतो, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, वायफाय असलेल्या एका ताईंच्या घरी बसलो. पोहे झाले, गप्पा झाल्या, संध्याकाळपर्यंत काम झालं.

डेस्कटॉपचं काय केलं? त्याच्यावर लिनक्स टाकून पाहतोय. ती फुकट असते, जुन्या यंत्रावर चालते आणि तिला डागडुजीही मिळते. केरळच्या सरकारी शाळांतून पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात, आणि आपल्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाची लिनक्स काढलेली आहे. टायपिंग आणि हिशोब तिच्यावर छान होतात. प्रिंटर मात्र अजून रुसलेला आहे, त्याचं जमलं की कळवू.

आणि अपग्रेडच्या आधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती केल्या होत्या. एक पेनड्राइव्ह ग्रामसंघाच्या कपाटात आहे. दुसरा ज्या ताईंकडे पावती नव्हती त्यांच्या घरी आहे. तो आपल्याकडे राहू द्या, असं त्याच म्हणाल्या. दर महिन्याच्या बैठकीला त्या तो घेऊन येतात, आणि फाइल उघडून आपली ओळ वाचल्याशिवाय परत नेत नाहीत.