आज आधी कोणते काम? कांदा, गोठा आणि रात्रीची वीज

डिसेंबर-जानेवारीत राहुरी, संगमनेर, पारनेर, श्रीगोंदा अशा कोणत्याही तालुक्यात जा, कांदा आणि दोन-चार गायी सांभाळणाऱ्याचा दिवस सारखाच भरलेला दिसतो. पहाटे धारा, दूध संकलन केंद्रावर, मग लागवडीचे मजूर, दुपारी कडबा कुट्टी, संध्याकाळी पुन्हा धारा. विजेची पाळी रात्रीची असेल तर त्यानंतर दारं धरायला शेतात. सगळीच कामे तातडीची वाटतात. तशी ती नसतात.

सकाळी दूध घालून आलात की प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे आज राहिले तर काय बिघडेल?

गायीच्या माजाचे उदाहरण घ्या. माज पाहायला सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे लागतात, अंगमेहनत काहीच नाही. पण गडबडीत तो चुकला, तर साधारण 21 दिवस थांबावे लागते आणि तेवढ्या दिवसांचा चारा-खुराक अंगावर पडतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्यावे. म्हणून हे छोटे काम यादीत वर. नव्या लागवडीची आंबवणीही तशीच, ती पुढे ढकलता येत नाही. फुलकिड्यांची फवारणी मात्र वारा जास्त असेल तर एक दिवस थांबलेली बरी. बांधाची साफसफाई आणि अवजारांची डागडुजी आठवडाभर थांबली तरी चालते.

अंगातली ताकदही मोजा

यादी करताना आपण वेळ मोजतो, झोप मोजत नाही. अपघात नेमका तिथे होतो. रात्रभर पाणी भरलेला माणूस सकाळी कुट्टी यंत्रात वैरण सारतो, डोळा लागतो आणि हात रोलरपाशी जातो. औषधाचे माप चुकते, हातमोजे घालायचे राहतात. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल पहाटेच्या अंधारात चालवणेही त्यातलेच.

म्हणून जागरणाच्या दुसऱ्या दिवशी कुट्टी आणि फवारणी ठेवू नका. रात्रीच्या पाळीच्या आदल्या दिवशीच दोन दिवसांची वाळली वैरण कुट्टी करून ठेवा. फवारणी करायचीच असेल तर झोप झाल्यावर, संध्याकाळी वारा पडल्यावर करा. ज्याने रात्री दारं धरली त्याने सकाळी दूध घेऊन जाऊ नये, घरातल्या दुसऱ्याने जावे. एकटेच असाल तर धारा आणि दूध उरकून आधी तीन-चार तास झोपा, त्यानंतर रोपे मोजणे किंवा हिशेब लिहिणे अशी हलकी कामे घ्या. हा आळस नव्हे. मोटारीला ऑटो स्विच असेल तर पंपाला किंवा वायरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि झोपेत हेच विसरले जाते.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. शेण, धारा, स्वयंपाक, खुरपणी हे सगळे करणाऱ्या बाईचा दिवस कुणाच्या यादीत नसतो. पहाटे चारला उठलेल्या माणसाकडून दुपारी तीनला कांद्याच्या सरीत वाकून काम करून घेताना, तिची ताकद कधी संपली याचा विचार करा. यादी दोघांनी मिळून करा. कोणते काम कधी जड जाते हे तिला तुमच्याइतकेच ठाऊक असते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठीही हेच. गावात बैठक ठेवण्याआधी त्या आठवड्यात वीज दिवसा आहे की रात्री, हे विचारून घ्या. दिवसाची पाळी असेल तर लोक पाण्यावर असतात. रात्रीची असेल तर सकाळी दहाला आलेला शेतकरी समोर बसून पेंगतो. अशा आठवड्यात दुपारी चारच्या सुमारास, संध्याकाळच्या धारांआधी अर्धा तास पुरतो. औषधाचे प्रमाण फळ्यावर लिहून द्या, फोटो काढून घ्यायला सांगा.