शहाणा घोडा एकाएकी बिघडतो तेव्हा

टांग्यांचा जमाना सरला. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या आणि त्यावर जगणाऱ्या घरांना दुसरा धंदा शोधावा लागला. तरीही घोड्यावर ज्यांची रोजी आहे अशी कुटुंबे आपल्या महाराष्ट्रात आजही आहेत. माथेरान-महाबळेश्वरला सवारीचे घोडे आहेत, आणि वरातीचा घोडा तर गावोगाव लागतो. त्यांच्यामागे नालबंद, खोगीर शिवणारे, झुलीवर जरीकाम करणारे कारागीर असतात. आमचा धंदा कापडाचा. मखमल, साटीन, अस्तर घ्यायला घोडेवाले दुकानात येतात आणि माल निवडता निवडता जनावराचे रडगाणेही सांगतात. त्यातली एक तक्रार वारंवार कानी येते : घोडी गायीसारखी गरीब होती, कुणाची नजर लागली कोण जाणे, महिन्याभरात बिघडली. चावते, दुगाण्या झाडते, पाय पुढे टाकत नाही.

यावरचे इलाजही ठरलेले असतात. आधी चाबूक, मग काटेरी लगाम, मग नजर उतरवणे आणि शेवटी बाजार. या चारही इलाजांत पैसा जातो आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. आपल्या भाषेत 'अडेलतट्टू' हा शब्दच आहे, त्यामुळे तट्टू अडले की दोष तट्टाचा, हे जणू ठरून गेले आहे. खरे पाहता वर्षानुवर्षे नीट वागलेले जनावर आठ-पंधरा दिवसांत बदलले, तर त्याला कुठेतरी दुखत असावे असे धरूनच तपासाला लागावे. घोडा रानात शिकार होणाऱ्या जातीचा. दुखणे दाखवणे त्याच्या स्वभावात नाही. बैल हंबरेल, कुत्रा केकाटेल, घोडा मात्र बराच काळ सोसतो आणि सोसवेनासे झाले की चावतो.

परदेशात यावर अलीकडे चांगले काम झाले आहे. इटलीतील संशोधकांनी २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान ताठरून मागे वळणे, डोळे आक्रसणे, डोळ्यावरचा भाग ताणला जाणे, जबड्याचे स्नायू फुगणे, ओठ घट्ट मिटून हनुवटी पुढे येणे आणि नाकपुड्या ताणणे, अशा सहा खुणा त्यात आहेत. इंग्लंडमध्ये स्यू डायसन या पशुवैद्य बाईंनी २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याची चोवीस लक्षणे मांडली. त्यांपैकी आठ किंवा अधिक दिसली तर हाडा-स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता मोठी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्याला आपण मस्ती किंवा हट्ट म्हणतो अशा कितीतरी गोष्टी त्या यादीत आहेत. जुन्या मोतद्दारांना यातले बरेचसे खरारा करतानाच कळत असे. आता घोडा एकाचा, सांभाळणारा दुसरा आणि वरातीत धरणारा तिसरा, अशी वाटणी झाल्यामुळे कुणालाच काही कळत नाही.

तपास पाठीपासून सुरू करावा. आमच्या एका गिऱ्हाइकाची घोडी तंग आवळताना चावू लागली. एका वरातीत ती एकदम मागच्या पायांवर उभी राहिली. नवरदेव सावरला, पण त्याच्यापुढे बसवलेला पाच-सहा वर्षांचा पोरगा खाली आला. नशिबाने तो लोकांच्या हातांवर पडला. गिऱ्हाईक घोडी विकायच्या बेतात होते. जाण्याआधी ते झुलीचे अस्तर बदलायला आले, कारण चांगल्या झुलीसह घोडीला भाव बरा येतो. झूल बाहेरगावी शिवलेली होती. उलटून पाहिली तर वरून लखलखीत जरीकाम आणि आतून तारांची टोके उघडी. त्यावर अस्तर होते ते पातळ नायलॉनचे, घामाने चिकटणारे, आणि बगलेजवळ फाटलेले. तंगाच्या पट्ट्यालाही शोभेसाठी टिकल्यांची किनार लावलेली होती. घोडीच्या कोपरामागे केसांखाली दोन बोटे रुंद जखम निघाली, आणि खांद्यावर सूज. डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत पाठ मोकळी ठेवायला सांगितले. महिनाभर सुपारी घेतली नाही, घरात कुरकुर झाली, पण घोडी राहिली आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा वरातीला उभी राहिली.

आपल्या कारागीर बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. झुलीच्या आत धुतलेला मांजरपाट दुहेरी लावा. घाम शोषतो, घसरत नाही आणि पडतो स्वस्त. तंगाच्या पट्ट्याला आतून शिवणीची गाठ येऊ देऊ नका. चमक वरच्या बाजूला कितीही असो. घोडेवाल्यांनीही खोगीर ठेवण्याआधी खांद्यापासून कमरेपर्यंत हात दाबून फिरवावा. जिथे कातडी थरथरते किंवा घोडा पाठ खाली सोडतो, तिथे काहीतरी आहे.

त्यानंतर तोंड. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला साधारण दोन-तीन मिलिमीटर, आणि चघळून झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार चढते. ती गालाला आणि जिभेला कापते. अशा तोंडात लोखंडी कडी घालून लगाम ओढला तर घोडा मान झटकणार नाही तर काय करील? घास चावून बाहेर टाकणे, लिदीत अख्खे दाणे दिसणे, लगामाला एकाच बाजूने विरोध करणे, ही त्याची चिन्हे. डॉक्टर कानस लावून दाढा घासून देतात. वर्षातून एकदा तोंड दाखवावे.

पायाचा प्रश्न नालबंद बंधूंना सांगायला नको. सहा ते आठ आठवड्यांनी नाल बदलायला हवा. एक खेप वाचवली की खूर वाढून पायाचा तोल बिघडतो. खिळा जिवंत भागाजवळ गेला तर घोडा त्याच दिवशी लंगडतोच असे नाही. आत पू झाला की चार-सहा दिवसांनी एकाएकी पाय टेकवत नाही. खूर गरम लागला आणि खुरामागची नाडी जोरात उडत असली, तर त्या पायाला चाबूक लागू नये.

एक आजार मात्र सरळ अडेलपणासारखाच दिसतो. कामाचा घोडा एक-दोन दिवस ठाणावर उभा राहिला, चंदी मात्र पुरी दिली, आणि मग जुंपला, की थोड्याच वेळात घाम फुटतो, पुठ्ठे दगडासारखे होतात आणि तो जागचा हलत नाही. लघवी कॉफीच्या रंगाची होते. विलायतेत याला 'सोमवार सकाळचा आजार' म्हणत, कारण तिथले गाडीचे घोडे रविवारी उभे असत. आपल्याकडे ज्याचा घोडा शुक्रवारी उभा असतो त्याला हा शनिवारी भेटेल. अशा वेळी घोड्याला एक पाऊलही चालवू नये. जागेवर थांबवून डॉक्टर बोलवावा. उपाय सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी आणि कडबा-गवत जास्त.

पोटशूळ सर्वांना ठाऊक आहे : घोडा जमीन उकरतो, कुशीकडे वळून पाहतो, उठतो-बसतो, लोळतो, लीद टाकत नाही. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोटातला ताण त्याच्या जिवावर बेततो. नाकातोंडाने तेल ओतण्याची जी जुनी रीत आहे ती सोडावी. ते तेल फुप्फुसात उतरते. जबड्याच्या कडेखाली नाडी मोजावी. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. विश्रांतीत ती साठच्या वर गेली तर रात्र असली तरी थांबू नये.

काही बदलांत माणसालाच धोका असतो. घोडा अचानक हिंसक झाला, स्वतःचेच अंग चावू लागला किंवा त्याला गिळता येईना, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेला कुत्रा चावला असण्याची शक्यता असते. आवाजाने दचकणे, पाय लाकडासारखे ताठ होणे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडदा वर येणे हा धनुर्वात. त्याची लस मिळते आणि ज्याचा घोडा खिळ्या-काचांच्या रस्त्यावर चालतो त्याने ती चुकवू नये. चढ-उतार होणारा ताप, खंगत जाणे, पोटाखाली सूज आणि डुलणारी चाल असेल तर सर्रा समजावा. घोडमाशीमुळे पसरणाऱ्या या रोगाचा जंतू १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने पंजाबात, डेरा इस्माईल खान भागात, घोडे आणि उंटांच्या रक्तात शोधला होता.

दुखणे नसतानाही घोडा बदलतो, हे खरे. काम थोडे आणि हरभरा भरपूर असला की कोणताही जवान घोडा उधळेल. घोडी माजावर असली की पाच-सात दिवस चिडचिडी असते. जोडीचा घोडा विकला तर उरलेला खात नाही. आणि वरातीत आता ताशाच्या जागी भिंतीएवढे स्पीकर आले आहेत. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नेमके शेपटीमागचे दिसत नाही, आणि फटाके लावणारे तिथेच उभे असतात. सुपारी घेतानाच स्पीकर किती अंतरावर राहील हे बोलून घ्यावे. गिऱ्हाईक नाराज होईल अशी भीती घालणारे घोडेवाले भेटतात. मला तरी अजून अंतरावरून सुपारी मोडलेले गिऱ्हाईक पाहायला मिळालेले नाही.

राहता राहिला बाजार. तापी काठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांची मोठी उलाढाल होते. कुणीतरी ऐब लपवून विकलेला घोडा तिथे दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. दुखणे दडपणारी गोळी चारली की लंगडा घोडा एक-दोन दिवस सरळ चालतो. म्हणून पहिल्या दिवशी सौदा करू नये. दुसऱ्या सकाळी, घोडा थंड असताना, ठाणावरून सोडायच्या आधी जाऊन उभे राहावे. पहिली वीस पावले पाहावीत, चारही खूर उचलून घ्यावेत, तोंड उघडायला लावावे, आणि मालकाला आपल्यासमोर खोगीर चढवून तंग आवळायला सांगावे. झूल उतरवायला मालक कुरकुर करू लागला, तर रुमालाखाली हात घालण्याची घाई करू नये.