ओट्याचा रंग बदलून मिळेल काय?

जालना शहरात काय किंवा अंबड, परतूर, भोकरदनच्या बाजूला काय, स्वयंपाकाचा ओटा म्हटला की अजूनही कडाप्पा किंवा ग्रॅनाइटच डोळ्यांपुढे येतो. मात्र मॉड्युलर किचनचा प्रघात पडल्यापासून आमच्या सुतार आणि फर्निचरवाल्या बंधूंच्या हाती आणखी एक माल आला आहे. पांढरी, दुधी, राखी किंवा ठिपक्यांची सलग पाटी, जिचा जोड शोधूनही सापडत नाही. बाजारात तिला सरसकट ‘कोरियन’ म्हणतात. काही वर्षे वापर झाला की घरमालक म्हणतो, भिंतींना नवा रंग दिला, शटरचा सनमायका बदलला, आता ओट्याचाही रंग बदलून द्या. अशा वेळी इसार घेण्याआधी हा माल काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे.

कोरियन हे नाव अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीचे. हा माल त्या कंपनीत १९६७ साली तयार झाला. कोरिया देशाशी या नावाचा काही संबंध नाही, जरी पुढे तिकडच्या कंपन्याही असाच माल बनवू लागल्या. यात साधारण एक तृतीयांश ॲक्रिलिक असते आणि दोन तृतीयांश बॉक्साइटपासून काढलेली पांढरी खनिज भुकटी. रंग या मिश्रणातच घातलेला असतो. म्हणजे १२ मिलिमीटरची पाटी वरून जशी, तशीच आतून. सनमायक्यासारखा वर रंगाचा पातळ पापुद्रा नाही.

रंग बदलत नाही याचे मूळ इथेच आहे. दगडाला बारीक छिद्रे असतात, म्हणून त्यात रंग मुरतो. हलका राखी ग्रॅनाइट काळा रंगवून विकणारे व्यापारी याच गुणाचा फायदा घेतात, आणि पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसले की त्यांची चोरी पकडली जाते. या पाटीला छिद्रेच नाहीत. तिच्यावर ओतलेला रंग मुरायला जागाच नसते. (ॲसिटोनची परीक्षा मात्र या पाटीवर करू नये, ॲक्रिलिक त्याने मऊ पडते.)

पण आमचे म्हणणे असे की, रंग बदला म्हणणाऱ्या ग्राहकाला पुष्कळदा नवा रंग नकोच असतो. त्याला जुना रंग परत हवा असतो. तेव्हा आधी ओटा धुऊन पाहावा. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. सिंकच्या कडेला त्याचा क्षार साचतो आणि गडद ओटा पांढुरका दिसतो. पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुतले की तो निघतो. हाच उपाय कडाप्प्यावर केला तर मात्र घात होईल. आंध्रातून येणारा कडाप्पा आणि कर्नाटकातून येणारी शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्यांचे पॉलिश खाल्ले जाते. दोन्ही प्रकारचे ओटे एकाच गल्लीत असतात, म्हणून कारागिराने आपण कशावर हात चालवतो आहोत हे आधी ओळखावे.

पांढऱ्या पाटीवर दुसरी तक्रार हळदीची. हळदीवर साबण पडला की डाग तांबडा होतो आणि घरातल्या बाईला वाटते की पाटीच बिघडली. हळद आणि चुना मिळून कुंकू होते, तोच हा प्रकार. डाग वरच्या ओरखड्यांत बसलेला असतो. उन्हाने तो फिका होतो, पातळ ब्लीचने जातो. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

एवढ्याने भागले नाही तर घासणी. रंग आरपार असल्यामुळे वरचा थर निघाला तरी खाली तोच रंग निघतो. ऑर्बिटल सँडरवर आधी १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०, मग ४०० आणि शेवटी घासणीचा बारीक पॅड. मधला नंबर गाळू नये, नाहीतर पहिल्या पेपरच्या रेघा राहतात आणि त्या उजेडात दिसतात. डागापुरते घासून थांबूही नये. तिथे चकदा उठतो, पूर्ण ओटाच घ्यावा लागतो. गडद रंगाच्या ग्राहकाला एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. तीच पाटी ४०० वर सोडली तर रंग फिका, धुरकट दिसतो. पुढे ६००, ८००, १००० पर्यंत नेऊन चकाकी आणली की रंग खोल दिसतो. रंग ‘बदलण्याची’ खरी मुभा आहे ती एवढीच. मात्र चकाकीवर गडद ओट्याचे ओरखडेही चटकन उठून दिसतात, हे आधी सांगावे.

एका बाबतीत घासणीने फार आशा दाखवू नये. ॲक्रिलिकमध्ये पॉलिस्टर मिसळलेल्या स्वस्त पाट्या बाजारात त्याच नावाने खपतात. खिडकीच्या उन्हात त्या पिवळ्या पडतात. घासून पिवळेपणा निघाला तरी ऊन तेच असल्यामुळे तो पुन्हा येणार.

ओट्यावर दोन भागांचा इपॉक्सी किंवा पीयू रंग देणारेही आहेत. २२० ने खरखरीत करून, प्राइमर मारून तो बसतो आणि पहिले काही दिवस छान दिसतो. पण तो रंग पाटीचा नव्हे, वरच्या पापुद्र्याचा. तव्याची आच, सुरीची धार आणि सिंकजवळचे पाणी त्याला सोडत नाही. शिवाय आता ओरखडा पडला तर घासता येत नाही, कारण घासले की रंग उडणार. ज्या गुणासाठी ग्राहकाने दगडापेक्षा हा माल पसंत केला, तोच संपतो. बाथरूमच्या कट्ट्यावर एखाद्या वेळी चालेल, शेगडीच्या ओट्याला आम्ही सुचवणार नाही. करायचेच असेल तर ‘हे काम टिकाऊ नाही’ असे बिलावर लिहून द्यावे.

खरोखर वेगळा रंग हवा असेल तर कापून बसवणे हा कसबी माणसाचा मार्ग आहे. पुढची पट्टी, मागची उभी पट्टी किंवा सिंकभोवतीचा भाग कापून काढावा आणि दुसऱ्या रंगाचा तुकडा त्याच जातीच्या ॲक्रिलिक गोंदाने जोडून सपाट घासावा. पूर्ण ओटा न बदलता स्वयंपाकघराचे रूप पालटते आणि मजुरीही चांगली सुटते.

धुळीबद्दल मात्र हयगय नको. या पाटीच्या धुळीशी संबंधित फुप्फुसाच्या आजाराचा एक रुग्ण २०१४ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. बनावट क्वार्ट्झची पाटी वेगळी. तिच्यात सिलिका फार असते आणि कापणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. कापताना पाणी सोडावे, सँडरला धूळ ओढणारे मशीन जोडावे, चांगला मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.

नवे काम करतानाही एक सवय लावून घ्यावी. उरलेले तुकडे भंगारात न टाकता ग्राहकाच्याच माळ्यावर ठेवायला सांगावेत. पुढच्या घाण्यातल्या पाटीचा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. पाच वर्षांनी कुठे तडा गेला, तर त्याच तुकड्यातून ठिगळ काढता येते.