लेखांक ९ : मैलभर अंतरावरून लागलेला हात

‘टेक्स्ट रेन’ या कलाकृतीवर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं, कारण ‘ग्लोफ्लो’ या कलाकृतीवरचा भाग वाचून एका वाचकांनी विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना : अंगाला काहीच लागत नाही, मग यंत्र आपल्याशी काही करतंय हे प्रेक्षकाला जाणवतं कसं?

‘ग्लोफ्लो’च्या कर्त्यांपैकी एक, संगणक-कलावंत मायरन क्रूगर यांचा सगळा खटाटोप याच प्रश्नासाठी होता. १९६९ च्या ‘ग्लोफ्लो’त पाय पडला की उजेड आणि आवाज बदलायचे, पण वातावरण शांत राहावं म्हणून तो बदल मुद्दाम उशिरा होऊ दिला होता. साहजिकच, हे आपल्यामुळे घडतंय याचा बऱ्याच जणांना पत्ताच लागला नाही. सोबतच्या कलावंतांना देखणेपण महत्त्वाचं होतं, क्रूगरना प्रतिसाद. मी नि:शंकपणे क्रूगरच्या बाजूचा आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात ‘मेटाप्ले’ मांडलं. प्रेक्षक कलादालनात, आणि सुमारे मैलभरावर संगणक केंद्रात एक माणूस डेटा टॅब्लेटसमोर बसलेला. दालनातलं कॅमेऱ्याचं चित्र त्याला दिसायचं. तो पेनाने रेघा काढायचा आणि त्या प्रेक्षकाच्या चित्रावर चढून दालनातल्या मोठ्या पडद्यावर उमटायच्या. कुणी हवेत बोट फिरवलं की हा मागोमाग रेघ ओढायचा. बघणाऱ्याला वाटे, आपल्या बोटातूनच रेघ निघतेय.

खरी गोष्ट मात्र प्रेक्षक नसताना घडली. दोन ठिकाणांमधल्या जोडणीत कुठेतरी बिघाड होता. क्रूगर आणि त्यांचा सहकारी फोनवर एकमेकांना शून्य-एक सांगत चूक शोधत होते आणि दोघंही वैतागले होते. मग लक्षात आलं, व्हिडिओ तर हाताशीच आहे! दोन्हीकडची चित्रं एकावर एक घेतली आणि दोघं पडद्यावर बोटं दाखवून बोलू लागले. बोलता बोलता क्रूगरच्या हाताचं चित्र सहकाऱ्याच्या हाताच्या चित्रावर आलं, आणि सहकाऱ्याने हात बाजूला घेतला. एसटीत शेजाऱ्याचं कोपर लागल्यावर आपण अंग चोरतो, तसा. दोन हातांमध्ये मैलभर अंतर होतं!

वाचकमित्रा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका हालचालीत आहे. पडद्यावरच्या प्रतिमेला माणूस स्वतःचं शरीरच धरून चालतो. त्याच्या त्वचेपर्यंत काही पोचवावंच लागत नाही; प्रतिमेला धक्का लागला की पुरतं. पुढे ‘व्हिडिओप्लेस’मध्ये सहकाऱ्याच्या जागी संगणक आला. मागून उजळलेल्या पडद्यापुढे माणूस उभा राहायचा, यंत्र त्याच्या आकृतीची कड शोधायचं, आणि ‘क्रिटर’ नावाचा इवलासा प्राणी त्या कडेवरून चढत चढत डोक्यावर जाऊन नाचायचा.

यातली अडचण वेगाची होती. व्हिडिओची सेकंदाला ३० चित्रं. उत्तर तेवढ्यात आलं नाही, तर धक्का धक्का वाटत नाही, पुन्हा ‘ग्लोफ्लो’च होतो. साध्या संगणकाला हे जमेना, म्हणून क्रूगरनी खास त्याच कामाचे प्रोसेसर बांधले.

‘टेक्स्ट रेन’मध्ये कमिल अटरबॅक आणि रोमी अखितूव यांनी १९९९ साली हीच युक्ती अक्षरांना लावली : खाली येणाऱ्या अक्षराला गडद भाग लागला की ते तिथेच थांबतं. म्हणूनच त्या कामात मागची भिंत फिकी लागते. त्या कामाविषयी पुढच्या आठवड्यात, नक्की.