तलावाची एक फेरी

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तथापि ज्या तलावाच्या पाण्यावर आपले धान पिकते, त्याच्या भोवती एकदा तरी सबंध फेरी घातलेले कास्तकार किती निघतील, याविषयी आम्हांस शंका वाटते. पाणी सोडावयाचे झाले की आपण तुडुमापर्यंत जातो आणि तेथूनच माघारी फिरतो. यास्तव गेल्या मार्गशीर्षात, धानाचे पुंजणे रचून झाल्यावर, करडीच्या परिसरातील एका माजी मालगुजारी तलावास आम्ही एका वयोवृद्ध कास्तकारांसह पायी वळसा घातला.

आरंभ पाळीवरून केला. उताराची जागा पाहून एका अंगास मातीची पाळ घालावयाची आणि उरलेल्या बाजूंनी रानातले पाणी आत येऊ द्यावयाचे, ही या प्रांतातील कोहळी समाजाची विद्या. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. त्याच्या भोवतालच्या रानास १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पूर्व विदर्भात असे लहानमोठे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर दरसाल माती टाकण्याची गावाची चाल हळूहळू मोडली.

तुडुम ओलांडून आम्ही सांडव्यापाशी आलो. तेथे सांडव्याचा माथा एका जागी हातभर फोडलेला आढळला. पाण्याच्या जोराने अशी नीट खाच पडत नाही. ती पहारीने पाडलेली होती. ज्या तलावाचे पाणी हवे, त्याचेच पाणी कोणी वाहून का जाऊ द्यावे, हे त्या वेळी आम्हांस उमगले नाही. सोबतचे गृहस्थ काही बोलले नाहीत.

पुढे पाणथळ काठ लागला. सर्वसाधारण समजूत अशी की, ही जागा पडीक होय. वस्तुस्थिती निराळी आहे. काठाचा उतार मंद असल्यामुळे येथे वनस्पती पट्ट्यापट्ट्यांनी वाढतात: खोल पाण्यात चिला, त्याच्या अलीकडे कमळ व पोवन, अगदी कडेस देवधान आणि गवते. रानातून येणारा गाळ या गवतात अडतो. मरळ व इतर देशी मासळी याच उथळ पाण्यात वाढते, आणि तिच्यावर ढिवर कुटुंबांची उपजीविका चालते. कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, बगळे आणि अडईंचा एक थवा आम्ही पाहिला. सारस मात्र दिसला नाही. उथळ पाणथळीत व धानाच्या बांधीत घरटे करणारा हा पक्षी गोंदिया जिल्ह्यात अद्याप आहे. भंडाऱ्यात त्याची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे.

थोडे पुढे जाताच देवधान संपले आणि बेशरमचे रान सुरू झाले. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती गुरांना विषारी आहे, आणि तिच्या कांडीचा तुकडा ओलीत पडला तरी रुजतो. तिच्या पलीकडे तलावाच्या पोटातच धुरे घालून बांध्या काढलेल्या होत्या. तेव्हा गृहस्थ थांबले व म्हणाले, ‘‘यातली एक बांधी माझी आहे. तलाव पूर्ण भरला की ती बुडते. म्हणून सांडवा फोडला.’’ मग क्षणभराने म्हणाले, ‘‘पाळीखालच्या माझ्याच बांधीला शेवटचे पाणी पुरत नाही, हेही खरे.’’ सांडव्यावरील खाचेचा उलगडा असा झाला.

यात एका मनुष्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. एकाने काठ सोडला तर दुसरा तो धरील, ही भीती प्रत्येकास आहे. म्हणून हे काम सबंध गावाने मिळून करावयाचे आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि कमी झालेली मासळी परत आली. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हाही सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेला पाणवठा आहे. त्यास रामसर स्थळाची आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली आहे. सिंचन आणि पाणथळ यांचे वैर नाही, एवढे यावरून दिसते.

आमच्या शेतकरी बंधूंस तीन सूचना कराव्याशा वाटतात. बेशरम नुसती कापू नये. ती मुळासकट उपटून उन्हात वाळवावी व तुकडे पाण्यात पडू देऊ नयेत. गाळ बांधीस उत्तम खत होय, म्हणून तो जरूर काढावा. परंतु यंत्राने काठाशी सरळ खड्डे पाडू नयेत, कारण मंद उतार गेला म्हणजे वनस्पतीही गेल्या, आणि तळाचा घट्ट थर फुटल्यास पाणी झिरपून जाते. तिसरी सूचना अशी की, रोवणीपूर्वी एकदा व धान कापल्यावर एकदा, गावातील कास्तकार आणि ढिवर यांनी मिळून तलावाची फेरी घालावी.

परतताना आम्ही पुन्हा सांडव्यापाशी आलो. गृहस्थांनी बाजूचे चार दगड उचलून त्या खाचेत रचले. दगडांनी पाणी अडत नाही, हे त्यांस ठाऊक होते. पक्के बांधकाम गावाने करावयाचे आहे. आणि ते पावसाळ्यापूर्वी व्हावयास हवे.